साटा

टोलेडोत, मॉमी नदीच्या काठी,
जिथे एकेकाळी अख्खं शहर काचेवर जेवायचं,
एका जुन्या गोदामात माझी नोकरी आहे सोलण्याची.

खाली काच. तिच्यावर पारदर्शक चिकटथर.
त्यावर पाठीचं पांढरं पॉलिमरचं अस्तर.
काचेपर्यंत सुरी चालवून मी सेंटिमीटरभर रुंद पट्टी कापते,
तिचं टोक यंत्राच्या जबड्यात देते.
यंत्र ते उलटं दुमडून ओढत राहतं, घाई न करता,
आणि पडद्यावर एक रेघ चालायला लागते.
लोरेन कोवाल्स्की म्हणते, बघू नकोस, ऐक.
चांगला सांधा कुरकुरतो, भांडतो, तुटता तुटत नाही.
वाईट सांधा
शिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा मुकाट निघून येतो.

नवं पॅनेल काय, सगळ्यांचंच चांगलं असतं.
म्हणून नमुने आधी कपाटात कोंडायचे:
पंच्याऐंशी अंश उष्णता, पंच्याऐंशी टक्के दमटपणा,
हजार तास, म्हणजे बेचाळीस दिवस.
बाहेर एरी सरोवरावरून बर्फ येत असतं
आणि दार उघडलं की आतून मालवणातला मे अंगावर येतो,
चष्मा आंधळा होतो,
नाकात शिरतो व्हिनेगरचा वास.
हा थर म्हातारा होताना आंबतो.
तीस वर्षं कुणाच्या तरी छपरावर बसायचंय त्याला,
आम्ही फक्त घाई करतो.

काचेला तो आपणहून धरत नाही.
मध्ये सिलेन लागतं, एक हात काचेला, एक हात थराला.
लोरेनला मी सांगितलं होतं, आमच्याकडे कल्हईवाला
तापल्या पातेल्यात आधी नवसागर टाकायचा,
धूर निघायचा, मग कुठे कथील पितळेला धरायचं.
ती म्हणाली, त्याला इथे पाठव.

चौदावी खेप डिसेंबरात बाहेर आली.
नव्वद न्यूटनवर चाललेली रेघ
एका जागी खड्ड्यात पडल्यासारखी आठवर आली,
परत नव्वद. परत आठ.
चार खड्डे. चार गोल ठिपके, काचेवर, ओळीने.
आम्ही सिलेनची बाटली बदलली. तापमान तपासलं.
निर्वात पंपाला शिव्या दिल्या, पोलिश आणि मराठी.
मग लोरेनने ठिपके इन्फ्रारेडखाली धरले
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
चरबी, म्हणाली. कुणाची तरी बोटं.

तारीख बघितली.
दिवाळीचा दुसरा दिवस.
मी चिरोटे आणले होते, टेबलावर जागा नव्हती,
डबा ठेवायला काच जरा सरकवली. नुसत्या हाताने.
मोजे नंतर घातले. अगदी नियमाप्रमाणे.

चिरोट्याला साटा लावतात, मी तिला समजावलं,
तूप आणि तांदळाचं पीठ, फेसून फेसून पांढरं,
पोळीवर पोळी, मध्ये साटा,
म्हणजे तळताना थर एकमेकांना धरत नाहीत,
पापुद्रे सुटे होतात, फुलासारखे उघडतात.
चिकटू न देण्याचीच कला आहे ती.
माझी आई साटा कमी पडला की डबा कुणाला दाखवायची नाही.
लोरेन हसली नाही.
तिचे वडील काचकारखान्यात होते, चाळीस वर्षं.
घरी पाण्याचा पेलासुद्धा कडेने धरायचे, म्हणाली,
आम्हाला वाटायचं, विक्षिप्त आहेत.

पंधरावी खेप तिने आणि मी मिळून पुसली,
काच कडेने धरून, लग्नातल्या आंतरपाटासारखी.
फेब्रुवारीत सोलायला घेतली.
रेघ शंभरावर गेली, थरथरली, खाली यायला तयार नाही,
आणि मग फाटलं ते अस्तरच, मधोमध.
सांधा जागचा हलला नाही.
फुटायचंच तर असं फुटावं, लोरेन म्हणाली,
आणि सुरी पुसून ठेवली.

चौदाव्या खेपेच्या अहवालात
"दोषाचं कारण" असा एक रकाना आहे.
तिथे मी लिहिलं: तूप.
वरिष्ठांनी विचारलं, हे कुठलं रसायन?
लोरेनने मान वर न करता सांगितलं,
आहे एक. फार परिणामकारक आहे.